धुतलेली बात

कोर्टाच्या तारखेचं आणि रोवण्याचं आतून काही साटंलोटं असावं, असं सोमारीला कधीचं वाटत होतं. वर्षाला बारा महिने असताना तारीख नेमकी आषाढात, धानाचे परे, म्हणजे लावणीची रोपं, उपटायला आले की पडायची. बाया मिळवाव्या, चिखल करून ठेवावा, आणि ऐन रोवण्याच्या सकाळी नवऱ्यानं धुतलेला सदरा अंगात घालून बसची वाट धरावी. तेरा वर्षं हेच चाललं होतं.

यंदाही बाया धानाच्या बांधीत परे उपटायला वाकलेल्या असतानाच पोलीस पाटील बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून आला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला.

"पत्रूभाऊ, शनवारी कोर्टात या लागते. लोकअदालत हाये. जुन्या केसी एकाच दिवशी निपटवून राह्यले."

पत्रू चिखल करणाऱ्या हल्यांच्या जोडीमागं उभा होता. पोटरीपर्यंत चिखल, उजव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. साठी ओलांडलेला माणूस. बोलायचं म्हटलं की आधी खाली बघायचा.

"एका दिवशी?" तो म्हणाला. "मंग तेरा वर्षं काय करून राह्यले होते बाप्पा?"

"ते मले नोका विचारू. अंगठा द्या."

पाटील शाईचा पॅड खिशातून काढेस्तोवर पत्रूनं चिखलाचाच अंगठा कागदावर उठवून दिला. पाटलानं तोंड वाकडं केलं. बाया वाकलेल्याच राहिल्या, पण हात सगळ्यांचे थांबले होते.

केस म्हणाल तर एवढीशी. ही दीड एकराची बांधी पत्रूच्या बापानं काढलेली. तेव्हा पत्रू आईच्या पाठीवर बांधलेला होता. दोन हजार अकरा साली पावसानं धुरा फुटला, म्हणून त्यानं कडेचे सागाचे फुटवे तोडून खुंट्या केल्या आणि धुरा बांधला. जंगल खात्याचा नाकेदार तिकडून चालला होता. त्यानं खुंट्या पाहिल्या, मग आंगणातला लाल कोंबडा पाहिला. कोंबडा पेनाच्या, म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला. सोमारी म्हणाली, दुसरा कोणताही न्या, हा नाही. नाकेदाराला तोच पाहिजे होता. चार दिवसांनी कागद आला: सागाची सतरा झाडं तोडून सन २०११ मध्ये जंगलात नवीन जमीन काढली. सतरा झाडं! धुऱ्यावर सतरा माणसं उभी राहणार नाहीत, तिथं सतरा सागवान.

दुसरा कागद याच्याही आधीचा. गावाच्या ग्रामसभेनं पत्रूचा वनहक्काचा दावा पाठवला होता. कायद्यानं दोन हजार पाच सालावर रेघ ओढलेली. त्याआधीपासून जमीन कसत असाल तर नावावर पट्टा, नंतर काढली असेल तर चालते व्हा. दावा गेला, हरवला, पुन्हा गेला, तपासात अडकला. तर एक फाईल कोर्टात आणि दुसरी वनहक्काच्या कचेरीत, अशा त्या पडून होत्या. त्यांची कधी गाठ पडली नव्हती. सोमारीला त्या दोन वेगळ्या गावच्या बायका वाटायच्या. एकीचं दुसरीशी नातं असेल हे तिच्या मनात आलं नाही, आणि कुणी तिला सांगितलंही नाही.

पट्टा आला असता तर बांधी पत्रूच्या नावावर झाली असती, आणि मग पोरीच्या. एवढीच आस होती. दीड एकर धान, त्यावर दोन माणसांचं वर्ष.

तारखेच्या दिवशी काय व्हायचं? पहाटे शिळ्या भाताची शिदोरी बांधायची, तीन कोस चालून बस धरायची, कोर्टाच्या व्हरांड्यात थांबायचं. पहिल्या तारखेला पत्रू गुडघा दुखतो म्हणून भिंतीशी उकिडवा बसला. दारावरच्या शिपायानं त्याच्या पायाला काठी टोचली. "हे काय तुह्यं आंगण हाये का बे?" तेव्हापासून तेरा वर्षं पत्रू उभा राहिला. नाव पुकारलं की आत जायचा, हात जोडायचा, बाहेर यायचा. नाकेदाराची बदली मोहर्लीकडं झाली होती. साक्षीला तो एकदाही आला नाही. पाच न्यायाधीश बदलले. प्रत्येक नवा साहेब फाईल उघडून म्हणायचा, "अरे, हे फारच जुनं प्रकरण आहे," आणि हळहळून पुढची तारीख द्यायचा.

शनिवारी मात्र कोर्टाचं रूपच पालटलेलं. दारात मंडप, मंडपात खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, कागदी कपात चहा. जिथं काठी टोचली होती तिथंच एक मुलगी "बसा, बसा काका" म्हणत होती. पत्रू बसला नाही. सोमारी बसली, पण खुर्चीच्या कडेवर, अर्धीच.

त्यांचा वकील राजदीप. तिसरा. पहिला वारला, दुसरा मोठ्या कोर्टात गेला, आणि फाईल या पोराकडं आली. सरकारकडून मिळालेला वकील. बरा होता, खोटं बोलत नव्हता. पण त्या दिवशी त्याच्या बगलेत चाळीस फायली होत्या आणि कपाळावरून घाम गळत होता.

"पत्रूभाऊ, ऐका. नाकेदार आज बी आला नाई, उद्या बी येत नाई. चालवत बसलो तं अजून दहा वर्षं. मॅडम म्हंते, कबूल केलं तं किरकोळ दंड, अन् आजच्या आज मोकळे."

पत्रूनं खाली पाहिलं. "मी झाडं तोडली नाई जी. खुंट्या तोडल्या."

"ते मले मालूम हाये. पन केस संपवाची का नाई, ते पहा. मी दहा मिनटात येतो." तो दुसऱ्या फाईलवाल्याकडं पळाला.

आता ही पुढची गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळं पाणी इथंच मुरलं.

सोमारीच्या गावात न्याय कसा होतो? दोन सालांमागं लच्छूवर आळ आला, की त्यानं शेजाऱ्याचा धुरा सरकवला. खरं तर पाण्यानं सरकला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण भांडण पेटलं होतं. गावचा गायता, म्हणजे देवाचा पुजारी, म्हातारा लालसू पंच घेऊन झाडाखाली बसला. ऐकून घेतलं, दंड सांगितला: एक बकरा, मोहाच्या दारूची दोन मडकी. लच्छू उठून म्हणाला, "कबूल." कबूल म्हणजे 'मी केलं' असं नव्हे. कबूल म्हणजे पंचांचा शब्द झेलला, आता मिटवा. मग सगळ्यांनी एका पंगतीत खाल्लं, एकाच मडक्याच्या पाण्यानं हात धुतले, आणि त्या पाण्याबरोबर बात धुतली गेली. धुतलेली बात पुन्हा उकरायची नाही. पुढं एकानं पिऊन लच्छूला धुऱ्यावरून टोमणा मारला, तर दंड त्या टोमणेवाल्यालाच बसला.

सोमारीच्या डोक्यात न्याय म्हटला की हा. आणि त्या दिवशी मंडपात चहा होता, गोड बोलणं होतं, समोर शहाणी माणसं बसली होती. तिला वाटलं, उशिरानं का होईना, कोर्टाला अक्कल आली. ते आपल्यासारखं करायला शिकलं.

"म्हणून टाका," ती नवऱ्याला म्हणाली. "दंड देल्ला का बात धुतली."

"पन मी तोडली नाई."

"लच्छूनं तरी कुठी सरकवला होता? मनात काय धरून बसता? परे पिवळे पडून राह्यले तिकडं. तुमचा गुडघा पहा. अजून दहा वर्षं उभं राहता का?"

 पत्रूच्या गुडघ्यावरचं फडकं घामानं ओलं झालं होतं. सोमारीला त्याचा राग आला, खरंच आला. माणूस खरेपणापायी बायकोचंही रक्त आटवतो, असं वाटलं. "तुमचा खरेपना मी तेरा वर्षं वाहून राह्यली जी," ती म्हणाली. "आता उतरवा."

नाव पुकारलं. न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, आवाज मऊ. इतक्या मऊ आवाजात पत्रूशी त्या इमारतीत कुणी बोललं नव्हतं.

"काका, घाबरू नका. तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का?"

"नाई जी."

"तुम्ही दोन हजार अकरा साली झाडं तोडून जंगलात नवीन जमीन काढली, असा तुमच्यावर आरोप आहे. तुम्हाला कबूल आहे?"

पत्रूनं मागं वळून पाहिलं. सोमारीनं मान हलवली. ती मान तिनं कशी हलवली, किती जोरात, हे पुढं तिला रोज आठवणार होतं.

"कबूल," पत्रू म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं. दंड भरला, अंगठा दिला. "झालं काका. जा, आता निवांत शेती करा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी ते मनापासूनच म्हटलं. बाहेर एकानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: तेरा वर्षांचं प्रकरण चार मिनिटांत निकाली. फोटोत पत्रूचे हात जोडलेलेच होते. सोडायचे असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर पत्रूनं हातपाय धुतले. एकाच मडक्याचं पाणी सोमारीनं आधी त्याच्या आणि मग आपल्या हातावर घातलं. लालसूला बोलावून भात-कोंबडी केली. लालसूनं खुशीनं हात धुतले. "बरं झालं," तो म्हणाला. "मोठ्या लोकाहीले समजाले टाइम लागते, पन समजते."

रोवणा चार दिवस उशिरा झाला, पण झाला. पाऊस बरा लागला. पत्रू रात्री घोरू लागला. त्याचं घोरणं सोमारीनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. भादव्यात बांधी अशी गच्च भरली की धुऱ्यावरून चालताना धानाची पाती मांडीला कापायची. लुगड्याखाली लाल रेघा उठायच्या, आणि ती त्या खाजवत हसायची.

दिवाळीला पोरगी प्रिया गडचांदूरहून आली. तिथं ती दवाखान्यात कामाला होती. धान लोंबीला येऊन पिवळं पडत होतं. त्याच आठवड्यात ग्रामसभेच्या पत्त्यावर लिफाफा आला. प्रियानं आंगणात उभ्या उभ्या फाडला. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"दावा नामंजूर," ती म्हणाली.

"काऊन?" सोमारीनं सुपातलं धान खाली ठेवलं.

"लिहिलं हाये का... 'वन विभागाने सादर केलेल्या निकालानुसार अर्जदाराने स्वतः न्यायालयात कबुली दिली आहे की सदर जमीन त्याने सन २०११ मध्ये झाडे तोडून काढली. त्यामुळे सन २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध होत नाही.'" प्रियानं बापाकडं पाहिलं. "बाबा, तुमी असं म्हनले कोर्टात?"

पत्रू दोर वळत होता. वळलेला पीळ त्यानं पायाच्या अंगठ्यात धरून ठेवला होता. "मी कबूल म्हनलो," तो म्हणाला. "दंड देल्ला. बात धुतली."

"बाबा, दंड देल्ला म्हंजे गुन्हा केला असं लिहून ठेवते ते. जनमभर ठेवते."

"ठेवते?" त्याला हे खरंच कळेना. "दंड घेऊन बी?"

 सोमारीला उभ्या जागी कळलं, नवऱ्यानं नाही, आपण शेत घालवलं. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडणार? आरोप करणारा नाकेदार तिकडं दूर. मॅडम भल्या, वकील भला, चहा देणारी मुलगी भली. सगळ्या भल्या माणसांनी मिळून चार मिनिटांत तिची बांधी तिच्याकडून काढून घेतली होती, आणि मान तिनं हलवली होती.

संध्याकाळी लालसू काठी टेकत आला. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ जमीन कोरत बसला.

"दंड घेतला ना त्याहीनं?" त्यानं विचारलं.

"घेतला."

"मंग धुतलेली बात त्याहीनंच उकरली. दंड आता त्याहीच्यावर बसते." तो सरळ, गंभीरपणानं बोलला. "कचेरीले सांगा. बकरा नाई तं कोंबडा, पन दंड द्याच लागते."

कुणी हसलं नाही. प्रिया उठून घरात गेली.

पुढच्याच सोमवारी नवा नाकेदार चार मजूर घेऊन बांधीवर आला. हा कोंबडा मागणाऱ्यातला नव्हता. मान खाली घालून काम करणारा तरणा पोरगा. मजुरांनी उभ्या धानात शिरून चुन्याच्या खुणा केल्या, हातभर अंतरानं नाही, चांगल्या दोन-दोन पावलांनी. पायाखाली लोंब्या मोडत होत्या. सोमारी एकेका लोंबीचा आवाज ऐकत उभी राहिली.

"मावशी, धान कापून घ्या तुमी," पोरगा म्हणाला. "मंग आमी खड्डे मारतो. साग लावाचा हाये. वरून हुकूम हाये, माह्या हातात काई नाई." मग त्यानं आणखी एक भलेपणा केला. "खड्डे माराले मानसं लागते. काकाले रोजी पायजे असन तं सांगा."

पत्रूनं ते ऐकलं. त्यानं खाली पाहिलं, आणि मग वाकून चुन्याच्या खुणेजवळची आडवी झालेली लोंबी दोन्ही हातांनी उभी करू लागला. ती पुन्हा पडली. त्यानं पुन्हा उभी केली. सोमारीनं त्याला दंडाला धरून उठवलं.

कचेरीत कारकून म्हणाला, "आम्ही काय करणार? निकाल कोर्टाचा आहे, कबुली तुमची आहे." मग ती दोघं राजदीप वकिलाकडं गेली. भाड्याची खोली, भिंतीला फायलींच्या चळती. त्यानं कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"बाई, वनहक्काचा दावा होता तं मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं काऊन नाई जी?"

राजदीपचं तोंड उतरलं. थोडा वेळ तो पेनाचं टोपण काढ-घाल करत बसला. "चूक माही बी हाये," तो म्हणाला. "त्या दिवशी चाळीस फायली निपटवल्या मी. शाबासकी भेटली." मग त्यानं खुर्ची पुढं ओढली. "आता असं करू. वरच्या समितीकडं अपील टाकू. अन् कबुली समजून न देता घेतली, म्हणून वरच्या कोर्टात बी अर्ज टाकू. जोवर अपील चालते, तोवर तुमाले जमिनीवरून कोनी उठवू शकत नाई. कायद्यातच हाये. खड्डे बी मारता येत नाई."

"म्हंजे आमी पेरू शकतो?"

"खुशाल पेरा." त्याला बरं वाटलं असावं, कारण तो लगेच फायलीतून एक छापील कागद काढू लागला. "अन् मी लवकर सुनावणीचा अर्ज बी लावतो. साठीवरच्या मानसाची केस आता आधी घेते. सहा महिन्यात निकाल लागून जाईन."

सोमारीनं बोटं मोजली. "सहा महिने म्हंजे रोवण्याच्या आदीच."

"हो. मोकळे व्हाल."

"निकाल आमच्या बाजूनं लागते का जी?"

राजदीप खोटं बोलत नव्हता. तो खिडकीबाहेर बघू लागला. "कबुली हाये ना बाई. कठीन हाये."

"अन् हा लवकरचा अर्ज नाई लावला तं?"

"मंग काय. पडून राहीन केस. आठ वर्षं, दहा वर्षं."

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. आपसात गोंडीत दोन शब्द बोलले. मग सोमारीनं हात लांब करून तो छापील कागद टेबलावरून वकिलाकडंच परत सरकवला.

"हा नोका लावू जी."

"बाई, याच्यासाठी लोक माहे पाय धरते!"

"धरत असन. आमाले एकडाव लवकर न्याय भेटला. पोट भरलं."

राजदीपनं कागद फायलीत परत ठेवला. पत्रूनं त्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा, वकिलाच्या तोंडाकडं सरळ पाहिलं.

"दहा वर्षं म्हनले ना साहेब? मी तवरोक जगलो तं? बारा-पंधरा नाई होऊ शकत?"

"होऊ शकते," राजदीप म्हणाला. "पत्रूभाऊ, त्याची तुमी काळजी नोका करू."